चौसष्टातून अठरा

"मोजत न्हाईत, बाई."

"मोजत नाहीत म्हणजे?"

"मेंढरं मोजत न्हाईत."

सगळा वर्ग खदखदून हसला. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, सगळी मिळून तेवीस मुलं. मला हसू आलं नाही. मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी होते आणि मला एक आकडा हवा होता, बस्स.

"अगं, संध्याकाळी मेंढरं घरी येतात ना? मग सगळी आली की नाही हे तुझ्या बापूंना कळतं कसं?"

"दिसत्यात की."

"आणि एखादं मागं राहिलं असेल तर?"

"तर दिसत न्हाई," मायाक्का म्हणाली.

मुलं पुन्हा हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "बाई, ती नावानं हाका मारती त्येंला! मोरकानी, बांडी, काळतोंडी!" मायाक्काने मागे वळून त्या मुलाकडे असं पाहिलं, की तो गप्प बसला. मग तिने तेच डोळे माझ्यावर लावले. कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा ठिपका, दोन वेण्या, वेण्यांच्या शेवटी रिबिनीऐवजी काळ्या लोकरीचा दोरा. ती जवळ आली की दुधाचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. नऊ वर्षांची होती. मी चोवीस.

मला ते उत्तर उद्धट वाटलं.

लवटेवस्तीच्या दोनशिक्षकी शाळेत मी शिक्षण सेविका म्हणून लागले होते. तीन वर्षं मानधनावर काढायची, शेरे चांगले पडले तर कायम. दुसरे शिक्षक म्हणजे आमचे मुख्याध्यापक ऐवळे गुरुजी. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्या सोमवारी केंद्रप्रमुख येऊन प्रत्येक मुलाची हातच्याची वजाबाकी तपासणार होते. बावीस मुलं तयार होती. चारातून आठ जात नाहीत, शेजाऱ्याकडून दहा घेतले, चौदातून आठ गेले राहिले सहा, असं बावीस तोंडं एका सुरात म्हणायची. तेविसावं तोंड मायाक्काचं, आणि ते बंद.

दरवर्षी दसरा झाला की तिचे आईबाप कळप घेऊन निघत आणि जेठात परत येत. म्हणजे तिची प्रत्येक इयत्ता अर्धीच झालेली. त्या वर्षी मी दोनदा वस्तीवर जाऊन तिच्या बापाला, म्हाळाप्पाला, समजावलं होतं. तिला आत्याकडे ठेवा, चौथी पुरी होऊ द्या, पाचवीला आश्रमशाळेत घालू. म्हाळाप्पा जमिनीकडे बघत म्हणाला, "आत्ती म्हातारी हाय. तुमच्या जिवावर ठिवतो, बाई." मी घरी जाताना आईला फोन करून हे सांगितलं होतं. आईही खूश झाली होती.

आम्हाला प्रशिक्षणात सांगत, मुलांच्या परिसरातली उदाहरणं द्या. आंबे आणि पेढे देऊ नका. मला ते फार पटलेलं. शुक्रवारी सकाळी म्हाळाप्पाचा कळप शाळेच्या कुंपणाजवळून गेला तेव्हा मी पायरीवर उभी राहून तो मोजला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून चालतात, मोजणं सोपं नाही. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चौसष्ट भरली. मोजून झाल्यावर मान वर केली, तर म्हाळाप्पा काठी खांद्यावर टाकून माझ्याकडे बघत उभा होता. मी हसले. तो हसला नाही. कळप वळवून निघून गेला.

मी वर्गात जाऊन फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं:

'मायाक्काच्या बापूंकडे ६४ मेंढ्या होत्या. त्यांतल्या १८ मेल्या. तर किती राहिल्या?'

मुलं वाचता वाचता एकेक करून गप्प झाली. मला वाटलं, उदाहरण आवडलं. पहिल्या रांगेतल्या रुक्माने तोंडावर हात धरला.

"मायाक्का, ये. सोडव."

ती उठून उभी राहिली, पण जागची हलली नाही.

"बाई, दुसरं घाला."

"का?"

"आंबं घाला. आंब्याचं करते."

"आंबे तू पाहिलेस तरी किती? मेंढ्या तर रोजच्या आहेत. ये पुढे."

"न्हाई."

त्या दिवशी ती शाळा सुटेपर्यंत उभीच राहिली. मी बसू दिलं नाही, तिने बसू का विचारलं नाही. मधल्या सुट्टीत ऐवळे गुरुजी दारातून फळ्याकडे बघून म्हणाले, "देवकुळे मॅडम, पुसा हो ते. इथली माणसं जरा वेगळी असतात."

"गुरुजी, अंधश्रद्धेला मी वर्गात जागा देणार नाही."

"मी कुठं श्रद्धेचं बोललो? पोरीला कसं वाटत असेल म्हणतोय." आणि ते डबा खायला निघून गेले.

मी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा, अकराला सुटणारी. मी फळा तसाच ठेवला होता. हजेरी झाली आणि मी मायाक्काला काही म्हणण्याआधी तिनेच हात वर केला. मला बरं वाटलं. आली एकदाची ताळ्यावर, म्हटलं.

"बाई, तुमच्या घरात किती मानसं हायत?"

"पाच. आई, बाबा, दोन भाऊ आणि मी. का गं?"

"त्यातली दोन मेली. ऱ्हायली किती?"

रुक्मा, बिचारी, प्रश्न आला की उत्तर द्यायचं हे मीच अंगवळणी पाडलेलं, चटकन म्हणाली, "तीन!"

मागची मुलं फिसकन हसली. माझे कान तापले. मी मायाक्काच्या दंडाला धरून तिला पहिल्या रांगेत आणून बसवलं आणि म्हणाले, "शाळा सुटली तरी तू जायचं नाहीस. हे उत्तर लिहिल्याशिवाय तू या खोलीच्या बाहेर पडत नाहीस. बघतेच मी."

अकराला घंटा झाली. मुलं निघाली. जाताना एकेकजण तिच्याकडे बघून गेला. ऐवळे गुरुजींची जीप ठरलेली असायची, ते कुलूप आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले. खोलीत आम्ही दोघी.

मी केंद्रप्रमुखांसाठी तक्ता भरत बसले. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चौकट, चौकटीत बरोबरची खूण. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाई, मला जायाचं हाय."

"कुठं?"

"मेंढराकडं. आज शनवार. आई बाजारला गेलीया."

"उत्तर लिही आणि जा. एक मिनिटाचं काम आहे."

तिने लिहिलं नाही. ती दाराकडे बघत होती. त्या वर्षी श्रावणात पावसाने दडी मारली होती आणि दारातून उजाड माळ दिसायचा, त्याच्या कडेला कुणाकुणाची शेतं. ती मधेच उठून दारापर्यंत जायची, कपाळावर हात धरून लांब बघायची. मी "खाली बस" म्हटलं की येऊन बसायची. एकदा नाही, चार-पाचदा झालं हे. दर वेळी तेच वाक्य. बाई, मला जायाचं हाय. दर वेळी माझंही तेच. मला आता वजाबाकी नको होती. मला तिने हरायला हवं होतं.

पाऊण वाजत आला तेव्हा ती उठली, फळ्याकडे गेली, टाचा उंचावून तिने माझ्या सुंदर अक्षराखाली आकडे मांडले. सहाच्या डोक्यावर पाच, चाराच्या डोक्यावर चौदा. सेहेचाळीस. खडू एकदाही थांबला नाही.

"येतं की तुला! मग इतका वेळ का घालवलास?"

तिने खडू खाली टाकला आणि ती पळाली. दप्तर तिथंच राहिलं. मी दारात येऊन बघितलं, तर ती माळावरून सरळ रेषेत पळत होती, वेण्या पाठीवर उडत होत्या. मी तक्त्यात तिच्या चौकटीत खूण केली, फळा पुसला, कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी वडापच्या जीपमधून वस्तीच्या फाट्यावर उतरले, तेव्हा रोज "आल्या का बाई" म्हणणाऱ्या हापशावरच्या बायकांनी पाठी फिरवल्या. मी पुढे गेल्यावर मागून एकीचा आवाज आला, मला ऐकू यावा इतका मोठा. "आली गं, मोजनी करनारी."

वर्गात तेवीसपैकी नऊ मुलं होती. मायाक्का त्यात होती. भिंतीला टेकून बसलेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

ऐवळे गुरुजींनी मला ऑफिसात ओढून नेलं. "मॅडम, काय करून ठेवलंय तुम्ही! शनिवारी म्हाळाप्पाची अकरा मेंढरं मेली. पोरांनी घराघरात सांगितलंय, बाईनं फळ्यावर लिहिलं होतं म्हणून. म्हाळाप्पानं तुम्हाला मोजताना बघितलंय. सगळी वस्ती येतेय आता. आणि साहेब पण आजच येणार."

मला धक्का बसला. पण तो धक्का, खरं सांगायचं तर, थोडा सुखाचाही होता. मला लगेच दिसलं, मी काय बोलणार आहे. कॉलेजात मी वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवलेली.

अकराच्या सुमाराला व्हरांड्यात माणसं जमली. केंद्रप्रमुख येऊन खुर्चीवर बसले होते, हातात त्यांची फाईल. मुलं खिडकीच्या गजांना चिकटून. पुढे होता तायाप्पा, म्हाळाप्पाचा मेहुणा, त्याचा आवाज माळापलीकडे जाईल असा. म्हाळाप्पा त्याच्या मागे, खाली मान घालून. त्याने येतानाच मायाक्काला खिडकीतून हाक मारून बाहेर बोलावून घेतलं होतं. ती बापाच्या शेजारी उभी राहिली.

"साहेब," तायाप्पा म्हणाला, "ह्या बाईनं कळप मोजला. आमी कवा मोजत न्हाई, आमचा बा मोजत नव्हता. मोजला तर मोजला, वर फळ्यावर लिवलं की अठरा मेली. लिवलं शुक्रवारी, शनवारी अकरा आडवी झाली. आता मला येवडंच इचारायचंय बाईला. ऱ्हायलेली सात कवा न्यायची?"

कुणीतरी मागून म्हणालं, "तक्त्यात लिवलं आसंल, बघा की."

हसणं झालं, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

मी उभी राहिले. दहा मिनिटं बोलले असेन. म्हणाले, फळ्यावर लिहिल्याने मेंढी मरत असेल तर फळ्यावर पाऊस लिहू या, उद्या पडेल. म्हणाले, तुमची लेकरं या माळापलीकडे जावीत म्हणून मी रोज दोन तास प्रवास करून येते. म्हणाले, आकडा हा कुणाचा वैरी नसतो. केंद्रप्रमुख मान हलवत होते. मागचे दोन-तीन तरुणही मान हलवायला लागले.

"बाई म्हनत्यात ते बरोबर हाय," त्यातला एकजण म्हणाला. "मामा, जनावरांचं डाक्टर काय म्हनलं ते सांगा की."

म्हाळाप्पाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "किराळ लागली म्हनलं. पोटातनं कडवळ निघालं."

केंद्रप्रमुख शेतकऱ्याघरचे होते. त्यांनी लगेच ओळखलं. चाऱ्यासाठी पेरलेलं कडवळ पाण्यावाचून खुरटलं की त्याच्या कोवळ्या फुटव्यांत विष भरतं. जनावराने तोंड घातलं की तासाभरात आडवं होतं. "झालं मग," ते म्हणाले. "गणिताचा काय संबंध? मेंढरं कुणाच्या कडवळात शिरली. बांधावर राखण नव्हती का?"

"हुती की. म्हंजी असती," म्हाळाप्पा म्हणाला. "शनवारी मालकीन बाजारला जाती. म्या वरच्या अंगाला, खालच्या बांधाला पोरगी. शाळा सुटली की ती थेट बांधावर येती. परवा आली न्हाई. म्या एकटा. साडेबाराला खाली येऊन बघतो तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "बाई, परवा पोरगी शाळंतनं किती वाजता सुटली?"

मायाक्काने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पापणीही न हलवता.

खिडकीत गजांना धरून आठ मुलं होती. त्यातल्या सहा-सात जणांनी शनिवारी तिला पहिल्या रांगेत बसलेली पाहून घर गाठलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. मोठी माणसं बोलत असताना लहानांनी मधे बोलायचं नाही, हे त्यांना आम्हीच शिकवलेलं.

केंद्रप्रमुखांनी फाईल उघडली होती. त्यांच्या पेनाचं टोपण निघालं होतं.

"शनिवारी शाळा अकराला सुटते," मी म्हणाले.

एक शब्दही खोटा नव्हता त्यात.

म्हाळाप्पा लेकीकडे वळला. "मग पाऊनपतुर कुटं हुतीस गं?"

ती अजून माझ्याकडेच बघत होती. मग तिने डोळे काढून घेतले आणि बापाला सांगितलं, "खेळत हुते."

त्याने तिच्या थोबाडीत मारली. त्याचा हात काठी धरणारा, मोठा. ती तोल जाऊन व्हरांड्याच्या खांबावर आपटली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. रडली नाही. तायाप्पा म्हणाला, "आन आमी बाईला बोल लावतूय." एक म्हातारा मला म्हणाला, "माफ करा बाई, अडानी मानसं आमी."

तेव्हा मला मूल नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कितव्या वर्षी कुठला गाल किती मऊ असतो, हे मला हाताला माहीत नव्हतं, एवढंच.

माणसं पांगली. केंद्रप्रमुख मला म्हणाले, "छान हाताळलंत. अशा ठिकाणी असंच खंबीर राहावं लागतं." मग वर्गात येऊन त्यांनी एकेका मुलाला वजाबाकी घातली. मायाक्काची पाळी आली. गालावर चार बोटं उमटलेली. त्यांनी ती पाहिली आणि आवाज मऊ करून विचारलं, "बाळ, एका पाटीत पन्नास आंबे होते. तेवीस नासले. चांगले किती?"

"सत्तावीस," ती म्हणाली. बोटं नाही मोजली, पाटी नाही घेतली.

"शाब्बास! बाईंनी शिकवलं?"

ती जागेवर जाऊन बसली. त्यांनी माझ्या शेरेपुस्तकात लिहिलं, 'वजाबाकी: उत्तम. भटके मूलही प्रगत.' आणि सही केली.

मंगळवारी मायाक्का आली नाही. बुधवारी आली नाही. बुधवारी दुपारी ऐवळे गुरुजी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "म्हाळाप्पा दसऱ्यापर्यंत थांबत नाही म्हणे. परवाच निघणार. चारा नाही आणि लोक रोज येऊन बघतात, आज कितवं मेलं. पोरीलाही नेतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका परीनं बरं झालं. मिटलं तुमचं."

"गुरुजी, शनिवारी मी तिला पाऊण वाजेपर्यंत बसवून ठेवली होती."

सुपारी कातरायची थांबली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मला कशाला सांगताय?" ते म्हणाले.

मी मधल्या सुट्टीतच निघाले. वस्ती शाळेपासून अर्ध्या कोसावर. धनगराच्या वस्तीवर परक्या माणसाने लांबूनच ओरडायचं असतं, कुत्री धरा म्हणून. मी ओरडले. एक करडं, कान कापलेलं कुत्रं दात विचकत धावून आलं आणि त्याच्यामागून मायाक्का. तिने त्याच्या गळ्यात हात घालून त्याला जमिनीवर दाबून धरलं. मला नुसती मान हलवून दाखवलं, छपराकडे जा.

छपरापुढे म्हाळाप्पा वाघूर दुमडत होता, ते मेंढरांभोवती रात्री लावायचं जाळं. त्याची बायको लगमव्वा सामान बांधत होती. मला बघून तिने पदर सारखा केला, पण बस म्हणाली नाही. मायाक्का कुत्र्याला बांधून आली आणि एका कोपऱ्यात जाऊन बसली. तिथं मेलेल्या मेंढ्यांची कोकरं होती. ती बोट शेळीच्या दुधात बुडवून एका कोकराच्या तोंडात देत होती. कोकरू चोखायचं, मग दूध संपलं की बोट चावायचं. तिने पुन्हा बोट बुडवायचं.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. "सोमवारी मी अर्धंच बोलले. शाळा अकराला सुटली, पण मायाक्काला मी सोडलं नाही. पाऊण वाजेपर्यंत वर्गात बसवून ठेवली. ती मला सांगत होती, जायचंय म्हणून. चार-पाचदा म्हणाली. मीच जाऊ दिलं नाही."

म्हाळाप्पाचे हात वाघरीवर तसेच राहिले.

"कशापायी?"

"त्या वजाबाकीपायी."

"आली का तिला?"

"तिला आधीपासून येत होती."

त्याने लेकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्या मारलं तिला." माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "खेळत हुते म्हनली, म्हनून मारलं म्या."

लगमव्वा बोचकं सोडून उभी राहिली. ती माझ्याच वयाची असेल. एखाद-दोन वर्षांनी मोठी.

"तवा का न्हाई बोललासा?" ती म्हणाली. "आं? आमी अडानी. आमी म्हनलं फळ्यानं मेली, ते चुकलं आमचं. तुमी तर शिकल्याली. तुमाला तर ठाव हुतं कशानं मेली. पोरीच्या थोबाडीत बसली तवा तुमच्या तोंडाला काय कुलूप लावलं हुतं?"

"माझं चुकलं."

"चुकलं की! वजाबाकी चुकती तसं चुकलं व्हय? पुसायचं आन परत मांडायचं?"

"लगमे," म्हाळाप्पा म्हणाला.

"का? म्या का गप बसू? अजून सात जायची म्हनून पावनं घरात पाय ठिवंना झाल्यात. माझी जाऊ पानी घेत न्हाई माझ्या हातचं. ही सांगून गेली असती सोमवारी, तर?"

मी म्हाळाप्पाकडे वळले. "मी आज सगळ्यांना सांगते. तायाप्पांना, साहेबांना, लेखी देते. नोकरी गेली तर जाऊ दे. पण मायाक्काला नेऊ नका. माझ्यावरचा राग तिच्या शिक्षणावर काढू नका. आत्तीकडे राहू दे. सात-आठ महिन्यांचा प्रश्न आहे, चौथी होऊ दे तिची."

"आन ठिवू कुनाच्या जिवावर?" लगमव्वा म्हणाली. "तुमच्या?"

म्हाळाप्पाने वाघरीची घडी पुरी केली, तिच्यावर गुडघा दाबला, दोरी आवळली. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "लेखी नको. तायाप्पाला म्या सांगतो. तुमची नोकरी घालवून माझी जनावरं उठायची न्हाईत." मग थोडं थांबून, "पर पोरगी येनार, बाई. परवा पहाटं निघतूया. बांधावर मानूस लागतं."

मी मायाक्काकडे पाहिलं. मला वाटलं ती काही म्हणेल, राहते म्हणून हट्ट धरेल. ती कोकराच्या तोंडातलं बोट काढून फ्रॉकला पुसत होती. आई म्हणाली, "जा गं, बाईला कुत्र्याच्या पल्याड घालीव."

ती पुढे, मी मागे. करडं कुत्रं दोरीला हिसके देत होतं. तिने दोरी सोडून त्याला पुन्हा गळ्याशी धरलं आणि गुडघ्यावर बसली, मला वाट द्यायला. तिच्या गालावरची बोटं आता निळसर झाली होती. मी तिथंच थांबले. जवळ जायची सोय नव्हती. मधे कुत्रं होतं.

"मायाक्का, तू का नाही सांगितलंस? मीच बसवून ठेवलं होतं, हे का नाही सांगितलंस बापूंना?"

तिने माझ्याकडे तसंच पाहिलं, व्हरांड्यात पाहिलं होतं तसं.

"तुमी सांगताय का, बघत हुते."

मी कुत्र्याकडे बघायला लागले.

"तुमी अकरा म्हनला," ती म्हणाली. "सायेब हुतं, समदी हुती. मग बाईला खोटं कसं पाडायचं?"

कुत्रं गुरगुरत पुढे झेपावलं. तिने दोन्ही हातांनी त्याची मान आवळली, टाचा मातीत रोवल्या.

"जावा आता," ती म्हणाली. "लई येळ धरवत न्हाई मला."